सात नंबरची खिडकी

गाडीच्या किल्लीनं भिंतीवर टकटक करायची, कान दिल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, "एका दिवसात सपाट!" डॉक्टरनं छाती तपासावी तसा तो घरं तपासायचा. फक्त त्याच्या हातून कुठलाच पेशंट वाचत नसे.

भिलाईत जुने क्वार्टर पाडायचे ठेके घेणारा हा माणूस आमच्याच ओळीत, सात नंबरमध्ये वाढला. वडील स्टील प्लांटमध्ये फिटर. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. ज्या घरानं वाढवलं, त्यालाच सगळ्यांत आधी भंगार म्हणतात.

मागच्या बस्तीतली बालवाडी तेव्हा ताडपत्रीखाली भरायची. ती चालवणारी मावशी कधीकाळी जुन्या विटा साफ करायच्या कामावर होती. आमची ओळ पाडायचं ठरलं, तेव्हा ती मला घेऊन त्याच्याकडे गेली; बस्तीच्या प्रश्नांवर पत्रकं मीच काढायचे.

"भाऊ, आठ दिवस दे. आमी बाया हातानं उतरवतो. आधी दारं-खिडक्या, मंग वरून एकेक वीट. चुन्यातल्या विटा हायेत, साबूत निघतात. पोरायले एक खोली होईल."

"मावशी, आठ दिवसात मी आठ ओळी पाडतो."

"अन् त्या मालाचं काय करतो?"

"खड्डे भरतो!" तो हसला. मग माझ्याकडे वळला. "तू कावून आली वं? माझ्यावर पत्रक छापून राहिली का?"

"छापून झालं," मी म्हणाले.

दुसऱ्या सकाळी मशीन आलं. सागवानी दारं भिंतींसकट चिरडली गेली. ऑपरेटर डबा खायला बसला, तेवढ्यात मावशीनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून एक खिडकी चौकटीसकट सोडवली. तेवढीच वाचली.

त्याच वर्षी त्यानं बंगला बांधला. दार रायपूरहून आणलं. नवंकोरं लाकूड, घासून, डाग पाडून जुनं केलेलं! त्यावर किल्ली नाही, तळहात फिरवायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, "जुन्या मालाची बातच अलग." पावसाळ्यात ते दार फुगलं आणि लागेना. मला मनापासून आनंद झाला.

मागच्या वर्षी बस्ती हटवायचा ठेका निघाला आणि तो जागा पाहायला आला. बालवाडीला आता पत्र्याच्या भिंती होत्या. त्यानं पत्र्यावर टकटक केलं. पुढे खिडकी आली, तशी किल्ली थांबली.

"ही कडी... बाबानं बसवली होती."

"तुह्याच सात नंबरची हाय," मावशी म्हणाली. "सांग भाऊ, किती दिवसात?"

त्यानं उघडा पल्ला ओढला, कडी लावली आणि गाडीत जाऊन बसला.

पुन्हा आला नाही. पाझर फुटला असं मी म्हणणार नाही. रायपूरला मोठं काम मिळालं म्हणतात. उद्या दुसरा कोणी किल्ली घेऊन येईल.

त्या खिडकीची कडी सहज लागत नाही. पल्ला आधी किंचित वर उचलावा लागतो. मावशीला, मला, पोरांना, कुणालाच ते एका झटक्यात जमत नाही. त्याच्या हाताला न बघता जमलं होतं.