तुरीच्या डाळीचं पुरण

शिजलेल्या तुरीच्या डाळीत गूळ पडला, की त्या वासाने मला सुनेचा पहिला कॉम्प्युटर आठवतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याहून आमच्या बंगळूरजवळच्या येलहंकाच्या घरी आलेली सून सकाळचं आवरून त्यावर परदेशातल्या मैत्रिणींशी गप्पा मारायची. आज काय रांधलंस, पोराला दात आला का, हेच सगळं. कधी न पाहिलेल्या बायांना घरचं कशाला सांगायचं, म्हणून मी करवादायची. एका होळीला ती म्हणाली, "आई, अमेरिकेतली मैत्रीण रडकुंडीला आलीय. संध्याकाळी सासू पहिल्यांदाच तिच्याकडे जेवायला येणार, आणि हिने पुरणाला हरभऱ्याची समजून तुरीची डाळ आणलीय. दुकान दोन तासांवर आहे." मी म्हटलं, "मग तुरीचंच कर म्हणावं. आपण काय करतो?" आमच्या याच पुरणाला सुनेने आल्या आल्या नाक मुरडलं होतं. आता तीच मुकाट्याने टाइप करायला बसली. "लिही, दाणा बोटाने चिरडला की उतरव. लगदा करू नकोस. पाणी सगळं निथळून टाक." पलीकडून उत्तर आलं, "काकू, सासूबाई मला हाकलून देतील." मी सांगितलं, "आधी खाऊ दे, डाळीचं मग सांग." दुसऱ्या दिवशी निरोप आला, "चार पोळ्या खाल्ल्या. डाळीचं अजून सांगितलं नाही." त्या बाईचं तोंड मी आजवर पाहिलेलं नाही. पण दर होळीला माझ्या फोनवर तिचा निरोप येतो. यंदाही आला. सासूला अजून सांगितलेलं नाही.