मी मागितलेली ढील

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, दर हिवाळ्यात ज्यांच्या हातात माझा जीव असतो त्या आमच्या गटाला तर नाहीच. तुला सांगतेय. लगेच 'जाऊ दे गं' म्हणू नकोस. जाऊ द्यायचं असतं तर तोंड उघडलंच नसतं.

डिसेंबरात आम्ही कातळ चढायला बाहेरगावी जातो. सगळं मी ठरवते — तिकिटं, खोल्या, औषधं, कोणत्या दिवशी कोणता कातळ. मला ते जमतं. इतरांना जमत नाही, आणि तेही मला आवडतं.

त्या वर्षी माउंट अबू ठरलं होतं. थंडी, पण दिवसभर लख्ख ऊन आणि कोरडा खडक. मुलुंडला माझ्याच घरी बैठक होती. दिवाळीच्या उरलेल्या चकल्या खात सगळे मी आखलेले दिवस ऐकत होते. मधेच वर्षा म्हणाली, "ताई, या कातळाचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी तिथं सावली. बोटं गोठतील सगळ्यांची."

वर्षा बोरीवलीची, गटात नवी. मला ती कधीच आवडली नाही. पाण्याची बाटलीसुद्धा विसरून यायची, चढताना खिदळायची — आणि तरी माझ्यापेक्षा छान चढायची. का आवडावी?

"वाट लागली! हेडबाई चुकल्या रे!" दिलीप ओरडला. सगळे हसले. तीही. मी कातळाची वेळ बदलली आणि चकल्यांचा डबा पुढे केला.

आमची एक रीत आहे. बैठकीच्या शेवटी प्रत्येकानं सांगायचं, माझा दोर कोण धरणार. खाली उभं राहून दोर धरणाऱ्यावर वरच्याचा जीव असतो, म्हणून हे ज्याचं त्यानं स्वतः बोलायचं. ज्याचं नाव कुणीच घेत नाही, तो येत नाही. त्यावर वाद नाही.

"माझा दोर वर्षा," दिलीप म्हणाला. आणि मी म्हणाले —

नाही, आधी त्याच्या अलीकडचा रविवार सांगते. मुद्दाम टाळतेय असं वाटेल. टाळतेच आहे.

बोरीवलीच्या जंगलातल्या कातळावर सराव होता. मी वर, दोर वर्षाकडे, बाकीचे पलीकडच्या अंगाला. एका जागी ताठ दोर मला अडवतोय असं वाटून मी घाबरले आणि ओरडले, "ढील दे!" तिनं दिली. नेमका तेव्हाच माझा पाय सटकला. दिलेल्या ढिलीइतकी मी खाली आले, घोटा कपारीवर आपटला आणि दोर ताठ झाला. त्या हिसक्यानं ती खडकावर खेचली गेली, कोपर सोलवटलं. दोर तिनं सोडला नाही.

तर बैठकीत मी म्हणाले, "दिलीप, विचार कर. रविवारी माझ्या वेळी हिचा हात सुटला."

घोटा सुजलेला होताच. मला कोण उलट विचारणार? दिलीपनं दुसरं नाव घेतलं. तिचं नाव मग कुणीच घेतलं नाही.

निघताना तिनं मला लिफ्टपाशी गाठलं. "ताई, तुम्ही ढील मागितली होती ना?"

"नाही."

"मग मला ऐकू कसं आलं?"

"भास झाला असेल."

भांडली असती तर? तर कदाचित मी — नको, हे 'कदाचित' नकोच. ती भांडली नाही. स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मला त्याचाही राग आला.

अबूला सकाळी उन्हातला कातळ, दुपारी पश्चिमेचा. तिनं सांगितलं तसंच. नियोजन झकास झालं म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी ते घेतलं.

वर्षा पुन्हा सरावाला आली नाही.

मागच्या महिन्यात अंधेरीच्या एका मॉलमध्ये दिसली. तिथं मुलांसाठी चढायची भिंत आहे. तिची मुलगी हट्टाला पेटली होती, "आई, तूच धर ना!" वर्षानं दोर तिथल्या माणसाच्या हातात दिला आणि स्वतःचे हात ओढणीत गुंडाळून उभी राहिली. मला बघून हसली.

"ताई, घोटा बरा आहे ना आता?"

"बरा आहे," मी म्हणाले, आणि पुढे गेले.

मला ती अजूनही आवडत नाही. तिचा हात सुटला नव्हता.