पन्नासची लेन्स आणि जनान्यातलं लग्न

झूम लेन्स बिघडली तेव्हा, ज्या लग्नात मला फोटो काढायचे होते ते चार दिवसांवर आलं होतं.

भिंगारच्या बाजारात आमचा छोटासा स्टुडिओ होता. बदली झालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून ह्यांनी एक जपानी कॅमेरा घेतला होता. त्याच्याबरोबर दोन लेन्स आल्या. एक होती झूम. तिची कडी फिरवली की लांबचा माणूस जवळ यायचा. दुसरी साधी, पन्नास मिलिमीटरची, म्हणून आम्ही तिला पन्नासची म्हणायचो, बोटभर लांबीची. लांबचं जवळ आणणारी कडी तिला नव्हती. ती कपाटातच पडून असायची.

आमच्या लग्नानंतर ह्यांनी मला फोटो काढायला शिकवलं, कारण बाजारातल्या मुसलमान घरांमध्ये बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालायचा नाही. मी जाऊ लागले. पण मला परक्या घरात चारचौघींपुढे उभं राहायची धास्ती वाटायची. झूममुळे माझं निभावून जायचं. भिंतीला टेकून उभं राहायचं, तिथूनच कडी फिरवायची आणि फोटो काढायचे. मी आले कधी, गेले कधी, कुणाला पत्ताही लागत नसे.

छावणीतल्या मैदानावर खेळांचे फोटो काढताना झूममध्ये धूळ गेली आणि कडी जाम झाली. ह्यांनी ती दुरुस्तीला मुंबईला पाठवली आणि पन्नासची कपाटातून काढून माझ्या हातात दिली.

"आता जवळ जायचं, लांब यायचं, ते पायांनी," हे म्हणाले.

"आणि मला कुणी हटकलं तर?"

"तर थांबायचं. पण लांबून काढलेस तर माणसांच्या मुंग्या होतील फोटोत."

ते लग्न आमच्या ओळखीच्या कापडवाल्यांकडचं होतं. नवरीच्या आईला मी चाची म्हणायची. चाचींनी एक अट घातली होती. बायकांचे फोटो कुठल्याही पुरुषाच्या नजरेस पडता कामा नयेत. रोल मीच धुवायचा, छापायचंही मीच. मी छापायला शिकले होते, पण रोल एकटीनं कधी धुतला नव्हता. तरी हो म्हणून बसले होते.

मग घरात सराव सुरू झाला. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या की मी रिकामा कॅमेरा घेऊन त्यांच्याभोवती फिरायची. "काय गं, आता डोळ्यात शिरतेस का माझ्या?" त्या वैतागून म्हणायच्या. चेहरा चौकटीत नीट यायला किती जवळ जावं लागतं, ते मला तेव्हा कळलं. हात लांब केला तर त्यांच्या गालाला लागेल, इतक्या जवळ!

लग्न दुपारी होतं. वऱ्हाड जामखेडहून एसटीनं यायचं होतं, आणि एसटी वाटेत बंद पडली. फ्लॅश एकच होता आणि तो पुरुषांच्या बाजूला ह्यांच्याकडे होता. मी माजघरातल्या एका खिडकीच्या उजेडावर होते. ऊन भिंतीवरून वर सरकत चाललं होतं आणि माझं सगळं लक्ष त्या उन्हाकडे.

सवयीनं मी दाराशीच उभी राहिले. कॅमेऱ्यातून पाहिलं तर नुसत्या पाठी आणि ओढण्या. नवरी कुठे आहे तेही दिसेना. नवऱ्या मुलीची फुफी, म्हणजे आत्या, पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं मला पाहून मोठ्यानं विचारलं, "ही कोण? हिला कुणी बोलावलं?"

"मी बोलावलंय," चाची स्वयंपाकघरातून ओरडल्या. पण फुफीची नजर काही माझ्यावरून हटेना.

शेवटी चपला बाहेर काढल्या आणि बायकांच्या मधून वाट काढत नवरीसमोर चटईवर बसले. नवरी मान खाली घालून बसली होती. ती पुटपुटली, "वहिनी, माझे हात थरथरतायत. फोटोत येईल का ते?"

"माझेही थरथरतायत," मी म्हटलं.

ती ओढणीआड हसली आणि मी बटण दाबलं.

वऱ्हाड आलं तोवर उजेड पिवळा, मंद झाला होता. झूम असती तर तिथेच सगळं संपलं असतं, एवढ्या उजेडात तिचं काही चालत नसे. पन्नासचं उजेड आत घेणारं भोक मोठं होतं. मी ते पूर्ण उघडलं. पण तसं केलं की फोकस केसाइतका बारीक होतो, बोटभर पुढेमागे झालं की चेहरा पुसट. हे मला ह्यांनी बजावलं होतं.

पडद्यापलीकडे निकाहाला नवरीची संमती विचारणारे वकील आणि साक्षीदार येऊन उभे राहिले. बायका एकदम गप्प झाल्या. वकिलांनी नवरीला विचारलं. ती बोलेना. चाची तिच्या मागे बसून तिचा खांदा धरून होत्या. त्या शांततेत कॅमेऱ्याचा आवाज किती मोठा होईल, या विचारानं माझं बोट बटणावरच थांबलं. पुन्हा विचारलं. तिनं हळूच "कबूल" म्हटलं आणि मी बटण दाबलं. खटकन आवाज झाला. फुफीनं माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता बाहेर काढतात.

त्यानंतर सगळ्या बायकांचा एक फोटो काढायचा होता. मी मागे सरकत गेले आणि पाठ भिंतीला लागली. तरी दोन्ही टोकं मावेनात.

"अजून मागे जा की," फुफी म्हणाली.

"मागे भिंत आहे, फुफी."

शेवटी दोन तुकड्यांत काढला. नवरी पहिल्या तुकड्यात आली आणि फुफी दुसऱ्या. ती फुरंगटून बसली. "म्हणजे मी माझ्या भाचीबरोबर नाहीच?" मी घाबरत घाबरत म्हटलं, "तुम्ही दोघीच बसा ना, वेगळा काढते." ती उठून नवरीशेजारी येऊन बसली. कॅमेऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही. तिनं नवरीची हनुवटी वर उचलली, आणि फुफीचाच चेहरा मऊ झाला. तेवढ्यात मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डार्करूममध्ये शिरले. हे दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते. आत बघायचं नाही, म्हणून बाहेरून विचारत होते.

"रोल टाकीत नीट गेला?"

"गेला वाटतं."

"वाटतं काय? कुठे चिकटला नाही ना?"

"अंधारात कसं सांगू?"

हायपोतून, म्हणजे रोल पक्का करणाऱ्या पाण्यातून, तो बाहेर काढताना माझे डोळे मिटलेलेच होते. उघडले, तर निगेटिव्हवर माणसं दिसली. त्या "कबूल"च्या फोटोत मात्र चाचींचा हात लख्ख होता आणि नवरीचा चेहरा पुसट. मला रडू फुटलं. रडतच मी ह्यांना सांगितलं की नवरीचा चेहरा पुसट आलाय.

"किती पुसट?"

"ओळखू येतो. पापण्या नाही दिसत."

"मग छाप. त्या घरच्यांना ठरवू दे."

फोटो छापून झाले तशी सकाळीच ते घेऊन मी चाचींकडे गेले. चाचींनी पाकीट उघडलं आणि एकेक फोटो मांडीवर ठेवत गेल्या. पुसट फोटो हातात आला तशी मी बोलायला लागले, "चाची, उजेड कमी होता..."

त्यांनी हात करून मला गप्प केलं. फोटो त्यांनी उजेडाकडे धरला. "मी एवढं घट्ट धरलं होतं तिला?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. तो फोटो त्यांनी इतरांत ठेवला नाही, उशीखाली ठेवला.

दोन तुकड्यांतला फोटो मात्र त्यांना आवडला नाही. सगळ्याजणी एकत्र असलेला एकही फोटो नाही, याची हळहळ त्यांनी लपवली नाही. शेजारी बसलेल्या फुफीनं आपला फोटो डोळ्याजवळ धरला. "माझं नाक एवढं मोठं आहे?" "हाच मला दे," ती म्हणाली, आणि फोटो पदराआड गेला.

महिनाभरात झूम दुरुस्त होऊन आली. त्याच सुमारास चाचींच्या ओळखीतून नगरमधल्या एका घरानं मला साखरपुड्याला बोलावलं. ह्यांनी दोन्ही लेन्स टेबलावर ठेवल्या. मी पन्नासची उचलली.

"आता भीती नाही वाटत?" ह्यांनी विचारलं.

"वाटते की," मी म्हटलं. साखरपुड्याच्या दिवशी नगरच्या त्या अनोळखी घराच्या पायऱ्या चढले. दारात एक म्हातारी बाई उभी होती. मी तिला सांगितलं, "फोटोसाठी मला मुलीच्या जरा जवळ बसावं लागेल, चालेल ना?" तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग बाजूला सरकून वाट दिली.