शिई नावाचं झाड

उदारीकरणानंतर नवऱ्याच्या कारखान्यात जपानी यंत्रं आली आणि ती बसवायला एक जपानी इंजिनिअरही आला. हॉटेलचं खाऊन तो कंटाळला होता, म्हणून एका रविवारी मी त्याला तारनाक्याच्या घरी जेवायला बोलावलं. येताना त्यानं वाळलेल्या तपकिरी अळंब्यांचं पाकीट आणलं. आजच करायच्या, असं मी तिथल्या तिथं ठरवलं. गरम पाण्यात घातल्या तसा घरभर वास सुटला.

सासूबाई आत आल्या आणि पातेल्यात डोकावून थबकल्या. "कुत्र्याच्या छत्र्या? ह्या घरात शिजायच्या नाहीत."

त्यांचं माहेर नांदेडकडचं, शेतकऱ्याचं. त्यांच्या लहानपणी बांधावरच्या अळंब्या घरात शिजल्या आणि धाकटी बहीण त्यात गेली. हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आपल्याला अशी एक मावशी होती हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

मला वाईट वाटलं, पण मी पातेलं ओतून टाकलं नाही. "पाहुण्यालाच विचारू की," म्हटलं. त्याला इंग्रजी मोडकंतोडकं यायचं, मला चांगलं. दोघांच्या मधे मी बसले.

"शिईताके," तो म्हणाला.

"शी, ताक?" सासूबाईंनी नाक मुरडलं.

त्यानं शांतपणे फोड करून सांगितलं. शिई हे एका झाडाचं नाव, ताके म्हणजे अळंबी. त्या झाडाच्या पडलेल्या खोडावर उगवायची, म्हणून शिईताके. आता शेतकरी ओंडक्यांना भोकं पाडून त्यांत बी भरतात आणि सावलीत रचून ठेवतात.

"बी भरतात? म्हणजे पेरतात?"

"हो. पीक यायला वर्ष-दीड वर्ष लागतं म्हणे."

"आमच्या बांधावरच्या कुणी पेरल्या नव्हत्या," सासूबाई म्हणाल्या. "कर तू."

कांदा, कढीपत्ता आणि भरपूर मिरं घालून मी त्या परतल्या. आधी पाहुण्यानं खाल्ल्या, मग मी. सासूबाईंनी एक फोड घेतली, बराच वेळ चावली. "चिवट आहे," म्हणाल्या आणि आणखी एक वाढून घेतली.

जेवणं झाल्यावर नवरा मावशीबद्दल विचारत राहिला. ती कशी दिसायची, कुणासारखी बोलायची. सासूबाई चहापर्यंत सांगत होत्या. पाहुण्याला मराठीतलं एक अक्षरही कळत नव्हतं, तरी तो जागचा उठला नाही.