डाळिंबी लोकर

आमच्या घरात स्वेटर कधी टाकून दिला नाही. तो लहान झाला की उसवला जायचा.

माझ्या पत्नीचं माहेर वालचंदनगरच्या क्वार्टर्समधलं. शेजारच्या एका पंजाबी बाईंकडून ती शाळेत असतानाच विणायला शिकली होती. लग्न होऊन बारामतीला आली तेव्हा तिच्याजवळ स्वतः विणलेला डाळिंबी कार्डिगन होता. मुलगी झाली तेव्हा तिनं तो उसवला. त्याच लोकरीचं आधी झबलं झालं, मग बालवाडीचा स्वेटर, मग शाळेचा. अंग वाढेल तशी लोकर कमी पडायची. मग ती बाजारातून तशाच रंगाचा एखादा गुंडा आणायची आणि जुन्याला जोडून विणायची. रंग कधी तंतोतंत जुळला नाही. मुलीच्या शेवटच्या स्वेटरकडं उजेडात नीट पाहिलं तर ते कळायचं. छातीजवळ विटकी, जवळजवळ विटेच्या रंगाची लोकर होती, आणि खाली उतरत जाल तसा रंग ताजा होत जायचा.

गेल्या वर्षी आठवडाभराच्या तापात मुलगी गेली. मागं जावई आहेत, आणि पहिलीतली नात. सासर कळंबचं. तिचे कपडे दहाव्याला रीतीप्रमाणं देऊन टाकले गेले. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. हा स्वेटर मात्र वाचला, कारण आधीच्या थंडीत ती माहेरी आली होती आणि जाताना तो इथंच विसरली होती. मी तो पुस्तकांच्या खोलीत दारामागच्या खुंटीवर ठेवला. उजव्या खिशात ती कायम मोबाइल ठेवायची, म्हणून त्या बाजूला झोळ आला होता. दोन्ही कोपरांना फुगवटा होता. नुसता टांगलेला असला तरी बाह्यांत हात असल्यासारखा दिसायचा. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी गेली, जुन्या वस्तू जशाच्या तशा जपायची मला सवय. हा असाच राहील, असं मी धरून चाललो होतो.

यंदा दिवाळी झाली, सकाळी गारठा पडायला लागला. एके दिवशी जेवण करून खोलीत आलो तर खुंटी रिकामी. पत्नी गॅलरीत उन्हाला बसली होती. मांडीवर स्वेटर, आणि गळ्याची पट्टी निम्मी उसवून झालेली.

“काय करतेस?”

“पोरीला स्वेटर नाही. तिकडं शेतावर गारठा जास्त असतो.”

“विकत मिळतात की.”

“मिळतात ना.” ती धागा ओढत राहिली. “तिच्या आईला कधी आणला होता विकतचा?”

“अगं, पण हा तिचा आहे.”

“तिचा म्हणूनच.” मग जरा थांबून म्हणाली, “अहो, तिथं उभं राहून बघू नका. हात करा पुढं.”

मी समोर बसलो आणि हात पुढं केले. उसवलेली लोकर ती माझ्या दोन्ही हातांभोवती गुंडाळत गेली. वर्षानुवर्षं आम्ही असेच बसत आलो होतो. मी हातांत लोकर धरायची आणि तिनं एखादी तक्रार सांगायची. या वेळी ती बोलली नाही. स्वेटर वरून कमी होत गेला. खांदे गेले, खिसा गेला. कोपरांजवळ धागा झिजून केसासारखा झाला होता, ओढला की तुटायचा. प्रत्येक वेळी ती गाठ मारायची आणि पुढं जायची. मला वाटलं होतं, ती मध्येच थांबेल. थांबली नाही. संध्याकाळी माझ्या हातांवर एक लड होती आणि तिच्या मांडीवर काही नव्हतं.

उसवलेली लोकर कुरळी असते. विणलेली असतानाचे सगळे वळसे ती धरून ठेवते. लड रिठ्याच्या पाण्यात धुवायची, गच्चीवरच्या दोरीला टांगायची आणि खालून तांब्या अडकवायचा, म्हणजे वजनानं वळसे जातात. दुसऱ्या दिवशी वर गेलो तेव्हा धागे सरळ झाले होते. जवळ जाऊन वास घेतला. रिठ्याचा होता.

माप घ्यायला आम्ही कळंबला गेलो. विहीणबाईंचं घर वस्तीवर आहे. ऊस आहे, आणि थोड्या मेंढ्या. आमच्याही घरात माझ्या आजोबांपर्यंत मेंढ्या होत्या. पुढं आम्ही शिकलो आणि मेंढ्या गेल्या. विहीणबाईंनी त्या ठेवल्यात. नात त्यांना आई म्हणते आणि स्वतःच्या आईला मम्मी म्हणायची. दारात शिरताना तिचं “आई, आई” कानावर पडलं की आजही मी क्षणभर थबकतो.

पत्नीनं पिशवीतून गुंडा काढून नातीच्या पाठीला लावला आणि वितीनं माप घ्यायला लागली. विहीणबाई चुलीपाशी चहा गाळत होत्या.

“कुणाला विणताय, ताई?”

“हिलाच. हिच्या मम्मीच्या स्वेटरची लोकर आहे.”

गाळणी तशीच हातात राहिली. “त्यो सेटर तुमच्याकडं ऱ्हायला व्हय? मी शोधला की समद्या घरात, दहाव्याला.”

“विसरून गेली होती.”

“मग त्योबी द्यायचा हुता. गेलेल्या माणसाचं कापड लेकराच्या अंगावर घालत न्हाईत, ताई. तुमाला म्या सांगाय पायजे का?”

“कापड कुठंय विहीणबाई? उसवली, धुतली. आता नुसती लोकर आहे.”

विहीणबाईंनी हात पदराला पुसले आणि गुंड्यातला धागा बोटांत घेऊन चोळला. मग नखानं उकलून पाहिला. मेंढ्या कातरून लोकर कातणाऱ्या बाईची बोटं ती.

“मेंढीची हाय का ही? मेंढीची असंल तर मी एक अक्षर बोलायची न्हाय. लोकरीला इटाळ नसतो.”

पत्नीनं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला कळलं. मी हो म्हणालो असतो तर विषय संपला असता. आमच्याकडं लोकरीची धाबळी सोवळ्याला चालते, घोंगडीला शिवाशिव नसते, ही समजूत माझ्याही आईची होती. पण विहीणबाईंच्या बोटांना उत्तर आधीच कळलेलं होतं.

“दुकानातली आहे,” मी म्हणालो.

“तेच म्हनलं. पिशवी कातल्यागत लागतीया,” विहीणबाई म्हणाल्या. “मेंढरं राखणाऱ्यांची लेक तुमी, पाव्हणंबी तसलंच, अन् पलाष्टिकला लोकर म्हंताय?”

नात हसली. पत्नी हसली नाही. तिनं गुंडा पिशवीत ठेवला. चहा आम्ही प्यायलो. ‘नको’ असं कुणी म्हणालं नाही, आणि त्यामुळं ते जास्तच पक्कं झालं.

त्यानंतर गुंडा आमच्या कपाटात पडून राहिला. बारामतीत आता पहाटे उसाच्या ट्रॉल्यांचे आवाज सुरू झाले होते, लोक कानाला मफलर बांधून फिरायला निघत होते. पत्नी सगळी कामं करायची. दुपारी मात्र गॅलरीत जाऊन बसायची आणि हात मांडीवर ठेवायची. ती बसलीय असं म्हणण्यापेक्षा ती वाट पाहतेय असं म्हणावं, अशी. मला वाटलं, निदान स्वेटर तरी राहिला असता. ते मी बोललो नाही. बोलून तो पुन्हा झाला नसता.

आणि मग एका रविवारी विहीणबाई आल्या. नातीला घेऊन, एसटीनं, न कळवता. आत येऊन टेकल्या, पाणी प्यायल्या आणि ओच्यातून काळ्या लोकरीचा गुंडा काढून पत्नीच्या पुढ्यात ठेवला. हातानं पिंजून टकळीवर कातलेली, कुठं जाड कुठं बारीक, मधूनच तपकिरी.

“ह्यो घ्या. तुमच्यासंगं इणा. दोन्ही धागं एकात. मग मला बोलाया जागा न्हाय.”

विहीणबाईंनी नातीकडं मान केली. “ही रोज इचारती. मम्मीचा सेटर आजी कधी आणणार? काय सांगू मी? म्हनलं, मी धागा कातते, मग आणतीया आजी. चार मेंढरं राखावी का हिला उत्तरं द्यावी?”

पत्नीनं धागा बोटांत घेतला. “जाड आहे. माझ्या सुयांना झेपायचा नाही.”

“मग जाड सुया आणा. मी काय मेंढीला बारीक केस काढ म्हणून सांगू?”

या वेळी पत्नी हसली. मुलगी गेल्यापासून या दोघी एकमेकींशेजारी बसल्या होत्या, पण मिळून काही करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. दोघी जमिनीवर बसून टाके घालून पाहत होत्या. डाळिंबी धागा ठिकठिकाणी गाठींचा, काळा त्याला धरून. जुना धागा एकटा टिकला नसता, हे पत्नीनंच नंतर मला सांगितलं. झिजलेल्या जागी सुईवर येताच तो तुटायचा. काळ्यानं त्याला आधार दिला.

स्वेटर तयार झाला तो राखेत निखारा दिसावा तशा रंगाचा. मला आवडला असं म्हणवत नाही. तो माझ्या मुलीचा वाटत नव्हता. पण पत्नीनं तो खुर्चीच्या पाठीवर घालून दुरून पाहिला, जवळून पाहिला, खांदे सारखे केले. तिला फक्त एकच गोष्ट खटकत होती.

“वास येतोय. मेंढीचा. शाळेत पोरं हसतील तिला.”

आणि तिनं तो गरम पाण्यात साबण घालून, नेहमीसारखा खसाखसा चोळून धुतला. दुकानातल्या लोकरीला सगळं चालतं. तीस-पस्तीस वर्षं तिनं तसंच धुतलं होतं. मेंढीची लोकर गरम पाण्यात आटते आणि चोळली की धागे एकमेकांत घट्ट रुततात, हे आम्हा दोघांना लहानपणापासून माहीत होतं. घोंगडी अशीच पायांनी तुडवून घट्ट करतात. पण हातांना ते आठवलं नाही.

वाळल्यावर तिनं मला हाक मारली. स्वेटर आखडला होता. काळा धागा आवळला गेला होता आणि डाळिंबी धागा, जो आटत नाही, त्याच्यातून बारीक बारीक पुटकुळ्यांसारखा वर आला होता. पत्नीनं गळ्याच्या कडेचं टोक शोधलं आणि ओढलं. धागा आला नाही. दुसरीकडून ओढलं. सुईचं टोक घालून पाहिलं. सगळं एकमेकांत रुतून जाड कापडासारखं झालं होतं.

“उसवत नाही,” ती म्हणाली.

तिनं आयुष्यभर उसवता येईल असंच विणलं होतं. चुकलं तर उसवायचं, लहान झालं तर उसवायचं. तिनं सुई बाजूला ठेवली आणि म्हणाली, “तिला होतो का बघूया.”

आम्ही दुसऱ्याच दिवशी कळंबला गेलो. नात शाळेतून येऊन गोठ्याकडं होती. पत्नीनं तिला ओसरीवर उभं केलं आणि स्वेटर डोक्यातून घातला. गळा अडला. विहीणबाईंनी एका बाजूनं, पत्नीनं दुसऱ्या बाजूनं ओढला. डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेले. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या. पोटावर घट्ट, पण बसला.

“टोचतोय का?” पत्नीनं विचारलं.

“थोडा.” तिनं बाहीला नाक लावून जोरात श्वास घेतला. आम्ही तिघं तिच्याकडं पाहत होतो. ती काय शोधतेय ते आम्हाला माहीत होतं, आणि ते तिथं नाही हेही. तिनं दुसरी बाही हुंगली. मग आमच्याकडं बघून म्हणाली, “आई, हा तर मेंढराचा वास येतोय!” आणि खदखदून हसायला लागली.

विहीणबाई हसल्या. “मग काय अत्तराचा येनार व्हय? तुझ्याच मेंढीचा हाय, ती कानकापी!”

नात तशीच गोठ्याकडं पळाली, कानकापीला दाखवायला. पत्नी हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मीही हसलो असेन. माझ्या मुलीचं त्या स्वेटरमध्ये मला ओळखू येईल असं आता काही उरलं नव्हतं. ज्या अंगावर ते असायला हवं होतं त्या अंगावर मात्र ते होतं.

विहीणबाई म्हणाल्या, “धुताना चोळला व्हय? आता त्येचं घोंगडं झालंय. घोंगडं कोण उसवतंय?”

“हो,” पत्नी म्हणाली. “माझ्याच हातानं झालं.”

“हुंद्या. अंगात शिरला न्हवं?”

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. पुढं उसाची ट्रॉली होती, गाडी तिच्यामागं हळूहळू जात होती. ती म्हणाली, “पुढच्या थंडीत तो तिला होणार नाही.”

“नाही व्हायचा.”

“दरवेळी मोठा करता यायचा.”

मी म्हणालो, “ही थंडी अजून बरीच आहे.”

तिनं मान डोलावली, आणि बाहेर पाहत राहिली.