काट्याची तार

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून भांडी घासायला घेते. माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे वहीत लिहितेय, कारण तोंडाने कुणाला सांगायचा धीर होत नाही.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. नाशिकहून रोज बसने पिंपळगाव बसवंतला जायचे. तिथे द्राक्षांच्या पॅकहाउसच्या ऑफिसात झाडलोट आणि चहापाणी माझ्याकडे. शिक्षण चौथी. सहीसुद्धा मराठीत.

पेटी वजनकाट्यावर ठेवली की वजन तारेतून कॉम्प्युटरवर जायचं आणि लेबल छापून निघायचं. त्या सकाळी नवा कॉम्प्युटर बसवला आणि सगळं अडलं. वैशाली – आमच्या गल्लीतली पोरगी, मीच शब्द टाकून तिला तिथे कॉम्प्युटरवर लावलेली – लेबलांचा प्रोग्राम बनवून देणाऱ्याशी फोनवर बोलत होती. स्पीकर चालू होता.

"प्रोग्रामला लागणाऱ्या भागांची लिस्ट उघडा, त्यात एका नावाला 'मिसिंग' लागलं असेल. ते नाव लिहून घ्या, मग..."

"सर, मी त्याची टिक काढली. बंदपण केलं."

"नाव लिहिलं?"

"नाही..."

"अहो मॅडम! आता ते दिसणारच नाही. त्याच कामाचं दुसरं शोधा. मी बाहेर आहे, मला नाव पाठ नाही. संध्याकाळी बघतो."

साहेब दारातच उभे होते. "बाराला कंटेनर निघाला नाही ना, तर उद्यापासून येऊ नकोस."

वैशाली एकेक टिक लावून बघत होती. दर वेळी टण्ण करून चूक दाखवणारी तीच चौकट पडद्यावर यायची. साडेअकरा झाले.

मी पाणी द्यायला वाकले आणि पडद्यावर नजर गेली. लांब यादी... सगळी मराठीत. शाळेच्या पुस्तकासारखी ठळक अक्षरं. वाटलं, नव्या मशीनला मराठी असेल.

"अगं, ही काय 'काट्याची तार'. खालून चौथी ओळ."

"मावशी, मस्करी नका करू, लय टेन्शन आहे. हे इंग्रजी आहे."

"इथं लिहिलंय ना," मी बोट ठेवलं.

तिने टिक केली. बाहेर काट्यावर पेटी होती. प्रिंटर घरघरला आणि लेबल निघालं.

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं – नुसत्या मुंग्यांच्या रांगा. एक अक्षर लागेना.

कंटेनर निघाला, वैशालीची नोकरी टिकली. संध्याकाळी तिने ते नाव प्रोग्रामवाल्याला वाचून दाखवलं. "हेच ते! काट्याच्या तारेचंच. कुणी सांगितलं?"

"आमच्या मावशींनी."

तो हसत सुटला. साहेब हसले नाहीत. "मावशी, लय छुप्या निघालात! इंग्रजी येतं अन् इतकी वर्षं आमच्यासमोर अडाणी?"

"नाही येत हो."

"मग वाचलं कसं?"

मी कपबशा उचलून बाहेर आले. पुढे वैशालीने इंग्रजी पेपर कितीदा माझ्यासमोर धरला. काही नाही. त्या दिवशी ते कसं दिसलं, मला आजही माहीत नाही. पण देवाशपथ, खोटं बोलले नाही.

मी तिथे होते तोवर, टेबल पुसायला गेले की साहेब सगळे कागद पालथे ठेवायचे.