ओल्या लुगड्याआडचे इंजिन

घुग्घुसच्या रस्त्याने ट्रक गेला की कोळशाची धूळ उडते. म्हणून तिथल्या मेकॅनिकने माझ्या जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर काढण्याआधी उघड्या बॉनेटभोवती ओल्या लुगड्याचा पडदा बांधला. सोबतच्या माझ्या मुलीला उद्या घाट चढून जिवतीच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायचे होते आणि गाडी चढ घेत नव्हती.

“एकच खराब हाय ना? मग चारही काऊन बदलता?” मी विचारले.

“भाऊ, तीन बुढे बैल अन् एक गोऱ्हा जुंपला, तर वखर सरळ चालन का?” तो आतून म्हणाला. “अन् डोकावू नका, धूळ घेऊन याल.”

इंजिन एका लयीत सुरू झाले. मी चावीसाठी हात पुढे केला, तर त्याने ती मुलीला दिली.

“घाट तुमचा हाय, बाई.”